दौंडच्या सरांची भाऊकी

या पृथ्वीवर जन्माला आलेला एखादा जीव आमच्या दौंडच्या सरांचा नातेवाईक नाही, असं अजून तरी कुणी सिद्ध करू शकलेलं नाही. शिरूरच्या कॉलेजात ते आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायचे आणि रोज एसटीनं दौंडहून यायचे, म्हणून दौंडचे सर. त्यांचं खरं नाव हजेरीपटाच्या वरच्या कोपऱ्यात असायचं आणि तिथंच राहायचं. तेही आमची नावं कधी घेत नसत. गावावरून हाक मारायचे. "ए न्हावरा, खिडकी उघड." "काय गं तळेगाव, झोप लागली का?" मी तळेगाव ढमढेऱ्याची, म्हणून तळेगाव. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. बापाची चार एकर फुलं, झेंडू आणि शेवंती. घरात पुस्तक म्हणून पंचांग तेवढं. लाज कसली, मी हे अभिमानानं सांगते, आणि सांगताना दर वेळी दौंडच्या सरांपाशी येऊन थांबते.

सर रेल्वेच्या ड्रायव्हरचे चिरंजीव. अंगानं सडपातळ, शर्ट कायम बाहेर, चपलेचा एक पट्टा दुसऱ्यापेक्षा नवा. पण डोक्यावर असे केस, की शिरूरच्या बाजारात बाया वळून बघायच्या. दाट, काळे, लाटेसारखे मागं गेलेले. शर्टाच्या खिशात पेनाच्या आधी कंगवा. बेडकाचं पोट उघडून आतड्यांपर्यंत पोचले, तरी मध्येच हात धुऊन, पुसून, एकदा भांग बघून घ्यायचे. केस सोडले तर माणसाला कशाचाही गर्व नव्हता. नव्या शर्टाचा नाही, जुन्या पदव्यांचा नाही. "केस ही सस्तन प्राण्याची खूण आहे," म्हणायचे. "जपली पाहिजे."

माझी मावशी केडगावला. शनिवारी मी तिच्याकडं जायची तेव्हा चौफुल्यापर्यंत सरांचीच गाडी असायची. त्या गाडीत शांत बसलेला माणूस मी पाहिला नाही. सर शेजाऱ्याला विचारायचे, "आईचं माहेर कुठलं?" तो सांगायचा. "तिच्या आईचं?" तो आठवून सांगायचा. "आणि तिच्या आईचं?" इथं बहुतेकांची गाडी बंद पडायची. सर हळहळायचे, "संपलं? अहो, अजून न्हावरा पण आला नाही! आईच्या आईच्या आईकडून आपल्या पेशीत एक वस्तू येते, जशीच्या तशी, फार थोडा बदल होऊन. तिच्या मागं मागं गेलं की आपलं सगळ्यांचं एकच आजोळ निघतं." एकदा एका म्हाताऱ्या आजीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना पिशवीतली भाकरी काढून दिली. "आजोळचं पाव्हणं हाय, उपाशी कसं जाऊ द्यायचं," म्हणाली. सरांनी ती शिक्षणाची पावती समजून खाल्ली.

दुसरा छंद मनगटाचा. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट वाकवलं, की काही जणांच्या मनगटात मधोमध एक दोरीसारखा स्नायू वर येतो, काही जणांच्या येतच नाही. फांद्यांना लोंबकळत फिरणाऱ्या आपल्या पूर्वजांना तो उपयोगी होता, आता नसला तरी अडत नाही, असं सरांचं म्हणणं. त्यामुळं तिकीट घेताना ते कंडक्टरचा हातच धरायचे. एका कंडक्टरच्या हातात ती दोरी निघाली नाही. तो बिचारा घाबरला. "म्हंजी मला काय झालंय का? साहेबाला कळवावं लागंल?" सर त्याचा हात प्रेमानं दाबत म्हणाले, "अहो, तुम्ही पुढं गेलात. हे बघा माझं, आम्ही अजून झाडावरच." त्या दिवसापासून तो कंडक्टर बाकीच्या कंडक्टरांशी जरा वरच्या आवाजात बोलायला लागला, असं म्हणतात.

बाजाराच्या दिवशी सर शेळ्यांपाशी उभे राहायचे, विकत घ्यायला नाही, आदर म्हणून. शेळीला लिंबू खावं लागत नाही, तिचं क जीवनसत्त्व ती स्वतःच्या यकृतात तयार करते. आपल्याला मात्र ते बाहेरून घ्यावं लागतं, कारण ते तयार करण्याची पाककृती आपल्या अंगात असूनही ती मधेच फाटलेली आहे. सरांच्या एका खिशात कंगवा आणि दुसऱ्या खिशात लिंबू. शेळीसमोर उभं राहून ते लिंबू चोखायचे आणि म्हणायचे, "बाई, तुझं चांगलं आहे." शेळीवाला त्यांना बघून गिऱ्हाइकांना सांगायचा, "त्यांच्याकडं ध्यान देऊ नगा, कॉलेजातलं हाईत."

पण सर खरे कळले ते सहामाही परीक्षेत. आमच्या वर्गात बेडकाच्या हृदयाची आकृती काढायची होती. एका पोराच्या पेनातून हृदयाच्या शेजारी शाईचा थेंब पडला. त्याच्या मागच्यानं पेपर बघून आकृती काढली, थेंबासकट, आणि थेंबाला व्यवस्थित कड काढली. त्याच्या मागच्यानं त्या कडेला बाण काढून खाली लिहिलं, 'ग्रंथी'. सरांनी तिघांना उभं केलं. आम्हाला वाटलं, आता यांना वर्गाबाहेर काढणार. सरांचा चेहरा तर घरात बारसं असल्यासारखा फुललेला. फळ्यावर त्यांनी तीन आकृत्या काढल्या, एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा रेघा जोडल्या आणि म्हणाले, "बरोबर उत्तरावरून काहीच कळत नाही. बरोबर उत्तर कुणाचंही सारखंच येतं. चूक सारखी आली, त्याच जागी, तशीच, तर समजा एकाचं दुसऱ्यानं घेतलंय, किंवा दोघांनी तिसऱ्याचं." मग खिशातलं लिंबू टेबलावर ठेवलं. "क जीवनसत्त्वाची पाककृती माणसात फाटलेली आहे. चिंपांझीतही फाटलेली. माकडातही. आणि फाटण्याच्या खुणा त्याच जागी. हा शाईचा डाग आपण तिघांनी स्वतंत्रपणे पाडला, की तो एकाच आजोबांच्या पेनातून पडला?"

त्या दिवशी घरी जाताना जीपमध्ये मी माझेच हात उलटसुलट करून बघत होते. इतकं मोठं काही आपल्याला कळलं आहे आणि ते अंगावर कुठं दिसत कसं नाही, याचंच मला नवल वाटत होतं.

सर कायम बरोबर निघायचे असं समजू नका. दोन वंश वेगळे झाले की त्यांच्यातला फरक हळूहळू साठत जातो, आणि फरक मोजून ते कधी वेगळे झाले याचा अंदाज बांधता येतो, हे शिकवताना त्यांनी काळा मसाला निवडला. एका पोराच्या घरचा आणि त्याच्या चुलत्याच्या घरचा असे दोन डबे मागवले. वर्गासमोर दोन्ही चाटले, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "चूल वेगळी होऊन चाळीस वर्षं तरी झाली." पोरगं म्हणालं, "सर, गेल्या दिवाळीत वाटण्या झाल्या." सगळा वर्ग हसला. सरांनी कंगवा काढला, भांग बघितला, विचार केला. "चुलत्याकडं नवी सून आली का?" "आली की. नगरकडची." "मग बाहेरून माल आला," सर म्हणाले, आणि मग जरा थांबून, "आणि माझंही घड्याळ पळालं. लिहून घ्या, हे घड्याळ सगळ्या घरांत सारख्या वेगानं चालत नाही." स्वतःची चूक वर्गाला लिहून घ्यायला सांगणारा मास्तर मी पुढं पुण्यातही फार पाहिला नाही.

आता माझ्या घराकडं येते. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, मला पहिला वर्ग मिळाला. पुण्याला एम.एस्सी.ला जायचं असं सरांनी आणि मी ठरवून टाकलं होतं, आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, विचारायचं तेवढं राहिलं होतं. त्याच आठवड्यात मारुतीच्या पारावर माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, चारचौघांत मला विचारलं, "काय गं, पैला नंबर काढलास म्हनं. काय शिकवत्यात ततं?" मी सरळ बोलणारी बाई. सांगून टाकलं, "आपण आणि वानर एका खानदानातले, हे शिकवतात."

तात्यांची सुपारी अडकित्त्यातच राहिली. "म्हंजी माझा आज्जा माकड?"

"तुमचा एकट्याचा नाही, तात्या. आणि माकड पण नाही. त्याचा आणि आपला आज्जा एक, फार फार जुना."

एवढं सांगितलं तरी संध्याकाळपर्यंत गावभर झालं ते 'आज्जा माकड' एवढंच. आप्पा दुधाला गेले तर तिथं कुणीतरी विचारलं, "काय आप्पा, शेंगा चालतील का?" आप्पा घरी आले, कासंडी ठेवली आणि माझ्याकडं न बघता आईला म्हणाले, "बी.एस्सी. झाली, बास झालं. आता स्थळं बघायची." आमच्या घरात आप्पा एकदाच बोलायचे. पुण्याचा फॉर्म माझ्या पेटीत घडी घालून पडला. सरांना काय तोंड दाखवायचं म्हणून मी शिरूरला जायचंच बंद केलं.

आणि त्यातच वानर गेलं.

चिंचेवरच्या टोळीतला थोरला हुप्प्या. सकाळी आमच्या पत्र्यावरून उडी मारली, विजेची तार हातात आली, आणि खाली पडला तो उठलाच नाही. गाव गोळा झालं. मारुतीचा अवतार आपल्या दारात गेला, म्हणजे त्याचं सगळं रीतसर झालं पाहिजे. भजनी मंडळ आलं, ट्रॉली सजवली. पुण्याच्या बाजारासाठी तोडलेला सगळा झेंडू आप्पांनी एका शब्दानं ट्रॉलीवर ओतला. माझ्या आईनं त्या वानराचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं. त्याची बोटं मी जवळून बघितली. नखं होती, आमच्यासारखीच. मारुतीच्या देवळामागं त्याला पुरलं. दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवला, कावळा लगेच शिवला, तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, कसली वासना राहिली नव्हती बिचाऱ्याची. आमच्या आळीतल्या सगळ्या पुरुषांनी मुंडण केलं. आप्पांनी केलं, तात्यांनी केलं. गावाला बुंदी झाली.

दुसऱ्याच दिवशी, मी का येत नाही हे बघायला, दौंडचे सर आमच्या आळीत उतरले.

त्यांनी आळीच्या तोंडाशी एक तुळतुळीत डोकं बघितलं, मग दुसरं, मग तिसरं. केसांवरून फिरणारा त्यांचा हात खाली आला. चपला लांब काढल्या, नमस्कार न करता, पाणी न मागता, खाली मान घालून आप्पांसमोर पोत्यावर बसले. आप्पांनी त्यांना ओळखलं नव्हतं, पण दुखवट्याला आलेल्या माणसाला ओळख कोण विचारतं? मी आतून दाराआड उभी. तोंड उघडायची सोय नव्हती.

"कधी झालं?" सरांनी हळूच विचारलं.

"काल दहावा झाला."

"आजारी होते?"

"न्हाई वो. चांगलं धडधाकट. सकाळी ह्या पत्र्यावर नाचत हुतं."

सरांनी पत्र्याकडं बघितलं. "या वयात पत्र्यावर?"

"ते कुटं कुनाचं ऐकत्यात. उडी मारली आन तारंला चिकटलं."

"अरेरे. मुलंबाळं?"

"मोप हाईत. ती काय, चिंचंवर बसल्यात."

सरांनी मान वळवली. चिंचेवर दहाबारा वानरं शेपट्या सोडून बसली होती, एक पिल्लू आईच्या पोटाला. सर बराच वेळ बघत राहिले. मग आप्पांचं डोकं, मग पुन्हा चिंच. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलेलं मी दाराआडून बघितलं. जन्मभर फळ्यावर जी गोष्ट सांगितली, ती या माणसापुढं आख्खी आळी मुंडण करून मान्य करत बसलेली. आता हे उठणार आणि व्याख्यान देणार, आणि माझं पुणं कायमचं बुडणार.

तेवढ्यात तात्या आले. कुणीतरी सांगितलं असावं. "तुमीच का ते कॉलेजातलं सर? आमच्या आज्ज्याला माकड म्हननारं?"

आप्पांनी झटकन मान वर केली. सर उठले नाहीत. तात्यांच्या चमकणाऱ्या डोक्याकडं बघून साध्या आवाजात म्हणाले, "अहो, मी रेल्वे कॉलनीत वाढलो. मला रीत नीट ठाऊक नाही. मुंडण कुणाचं करतात?"

"भाऊकीत कोन गेलं तर," तात्या म्हणाले. "दुसऱ्या कुनाचं क—" आणि तिथंच थांबले.

चिंचेवर एक वानर खाजवत होतं. आप्पा त्याच्याकडं बघत होते. तात्या सावरून म्हणाले, "ते देवाचं हुतं म्हनून केलं आमी."

"बरोबर केलंत," सर म्हणाले. "तुम्ही देव म्हणा, मी चुलतभाऊ म्हणतो. वाईट दोघांनाही सारखंच वाटलं." मग त्यांचा हात आपोआप केसांकडं गेला, तिथं जरा वेळ राहिला. "बातमी उशिरा कळली तर मुंडण उशिरा केलेलं चालतं ना?"

"चालतं की," आप्पा नकळत बोलून गेले.

"मग नाभिकाला बोलवा. माझं राहिलंय."

मी दाराआडून बाहेरच आले. सरांना वाटलं मी थांबवणार, त्यांनी हातानंच मला गप्प केलं. नाभिक आला, सरांचे केस बघून वस्तरा हातात घेऊन नुसता उभा राहिला. "सर, इतकं चांगलं केस... सगळं?"

"सगळं. भाऊकीत कंजुषी नको."

ती काळी लाट आमच्या अंगणात, झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्यांवर, थोडी थोडी उतरत गेली. सरांनी डोळे मिटले होते. केस गेल्यावर त्यांचे कान एकदम मोठे दिसायला लागले. तात्या टक लावून बघत होते, न राहवून म्हणाले, "आता दिसत्यात खरं भाऊकीतलं." पहिले आप्पा हसले. आमच्या घरात तीन आठवड्यांनी कुणीतरी हसलं होतं. आईनं आंघोळीला पाणी काढलं. आप्पांनी स्वतः तांब्या धरून सरांच्या डोक्यावर ओतला.

मग बुंदीचा राहिलेला डबा पुढं ठेवत आप्पांनी विचारलं, "पोरीचा तो फारम कवापत्तूर भरायचा?"

"उद्या शेवटचा दिवस," सर म्हणाले. त्यासाठीच ते आले होते, आणि तोपर्यंत त्यांनी एकदाही त्याचा विषय काढला नव्हता.

"उद्या शेवंतीचा टेम्पो मार्केट यार्डाला जानार हाय. त्यात बसवून देतो." आणि माझ्याकडं बघून, "काय गं, एवढं शिकलीस तर मला नीट सांग एकदा, ही वाटनी झाली तरी कवा."

मी फुलांच्या टोपल्यांमध्ये बसून पुण्याला गेले. तिथल्या मुली नंतर कितीतरी दिवस विचारायच्या, तू कुठलं अत्तर लावतेस?

पुढं पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मला काम मिळालं. एका दुपारी संगणकाच्या पडद्यावर मी ती फाटलेली पाककृती उघडली. माणसाची ओळ, तिच्याखाली चिंपांझीची, तिच्याखाली माकडाची. सरांनी हे कधी बघितलं नव्हतं, वाचलं होतं फक्त. मी खाली जाऊन एसटीडी बूथवरून दौंडला फोन लावला. पडद्यावर काय उघडलंय ते सांगितलं. मग सर म्हणाले, "तळेगाव, डाग तिथंच आहे का गं?"

"तिथंच आहे, सर. तिघांच्याही."

"बघ," ते म्हणाले. "बघ." आणि नाक ओढल्यासारखा आवाज आला. लिंबू चोखत असतील, असं मी मनाला सांगितलं.

त्यांचे केस पुन्हा आले, पण पहिल्यासारखी लाट आली नाही. पांढरे आले, विरळ आले. कंगवा मात्र खिशात तसाच. आप्पा दरवर्षी दिवाळीला त्यांच्याकडं शेवंतीची करंडी पाठवायचे आणि निरोप द्यायचे, चिंचेवरची मंडळी मजेत हाईत. सर उलट निरोप द्यायचे, सगळ्यांना नमस्कार सांगा.

आप्पा गेले ते झेंडूचा हंगाम चालू असताना. दहाव्याला वेळ नावाच्या आमच्या नदीच्या घाटावर आमची भाऊकी ओळीनं बसली होती. चौफुल्यावर गाडी बदलून, काठी टेकत, दौंडचे सर आले. कुणाशी न बोलता ओळीच्या शेवटी जाऊन बसले, शर्ट काढला, खिशातला कंगवा चपलेवर ठेवला. नाभिक आता नवा होता. तो त्यांच्यापाशी येऊन थांबला आणि ओळीकडं बघून विचारलं, "ह्ये पाव्हणं कोन? ह्येंचं बी करायचं?"

तात्या आता फार थकलेत, ऐकू कमी येतं. पण एवढं त्यांनी ऐकलं. मान न वळवता ते म्हणाले, "कर की. भाऊकीतलंच हाईत."